युद्धकालीन लष्करी ग्लायडरांचा अभिलेखीय अभ्यास

दुसऱ्या महायुद्धात सैनिक, तोफा, जीपगाड्या, खेचरे आणि क्वचित हलके रणगाडेही शत्रूच्या पिछाडीस उतरविण्यासाठी जी इंजिनविरहित विमाने वापरली गेली, त्यांचा तत्कालीन छायाचित्रे व पथकांच्या दप्तरी नोंदी यांवरून केला जाणारा अभ्यास. ग्लायडर हे बहुधा एकाच उड्डाणासाठी बांधलेले साधन होते. ते उतरले तेथेच सोडले जाई, आणि त्याचे लाकूड व कापड काही पावसाळ्यांत कुजून जाई. ब्रिटिशांच्या होर्सा या ग्लायडराचे साडेतीन हजारांहून अधिक नग तयार झाले, परंतु त्यांपैकी एकही अखंड स्वरूपात आज उरलेला नाही. म्हणून या विषयात कागद आणि छायाचित्र हीच प्रमुख साधने ठरतात. त्यांतील कोणतेही एकटे पुरेसे नसल्याने दोन्ही एकमेकांशी ताडून पाहणे हा या अभ्यासाचा गाभा आहे.

नोंदींचे स्वरूप : ब्रिटिश सेनेतील प्रत्येक पथक सी 2118 या छापील नमुन्यावर मासिक युद्ध दैनंदिनी लिहीत असे. या दैनंदिन्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्यांत डब्ल्यूओ 171 ही मालिका वायव्य यूरोपची, तर डब्ल्यूओ 172 ही आग्नेय आशियाची आहे. दैनंदिनीचा मूळ मजकूर पुष्कळदा दोन-चार ओळींचा असतो; त्यामागे जोडलेली परिशिष्टे, विशेषतः कोणत्या ग्लायडरात कोण व कोणता भार होता हे सांगणारे तक्ते, अधिक मोलाची असतात. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांची मोहीम-नोंदवही एअर 27 या मालिकेत आहे. तिच्या 540 क्रमांकाच्या नमुन्यावर दिवसाचा सारांश आणि 541 क्रमांकाच्या नमुन्यावर प्रत्येक उड्डाणाचा तपशील येतो. ग्लायडरचे वैमानिक सेनेच्या ग्लायडर पायलट रेजिमेंटचे आणि ओढणारे विमान हवाई दलाचे असल्याने एकाच उड्डाणाची नोंद दोन दलांच्या दप्तरांत स्वतंत्रपणे होई, आणि ओढदोर कोठे सुटला वा तुटला याविषयी त्या दोहोंत तफावत आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. अमेरिकी पथकांचे इतिहास मुख्यतः अलाबामातील मॅक्सवेल येथील हवाई दलाच्या इतिहास संशोधन केंद्रात आहेत.

दोन दप्तरांना जोडणारा दुवा म्हणजे खडूचा क्रमांक. चढण्याच्या वेळी सैनिकांना आपले ग्लायडर ओळखता यावे म्हणून त्याच्या अंगावर खडूने मोठा अंक लिहीत. भार-तक्त्यात हाच अंक येतो, आणि छायाचित्रातही तो बहुधा वाचता येतो. कारखान्यात दिलेला अनुक्रमांक ही वेगळी बाब आहे. अमेरिकी ग्लायडरच्या शेपटीवर मागणीच्या आर्थिक वर्षातील दशकाचा अंक गाळून उरलेला आकडा रंगवीत, म्हणजे 43 ने सुरू होणारा क्रमांक 3 ने सुरू होतो. ब्रिटिश अनुक्रमांकांत दोन अक्षरे व तीन अंक असत. शत्रूला एकूण उत्पादनाचा अंदाज येऊ नये म्हणून या क्रमांकांच्या मालिकांत मुद्दाम खंड ठेवलेले होते. त्यामुळे पहिल्या व शेवटच्या क्रमांकांच्या वजाबाकीवरून संख्या काढणे चुकीचे ठरते.

छायाचित्राचे वाचन : उंचावरून सरळ खाली रोखून घेतलेल्या, म्हणजे उभ्या, छायाचित्रात ग्लायडरचा प्रकार ठरविताना पंखांच्या पल्ल्यावर विसंबू नये. होर्साचा पल्ला 26.8 मीटर आणि अमेरिकी वॅको सीजी-4ए याचा 25.5 मीटर आहे. 1:10,000 या प्रमाणाच्या छायाचित्रात हा फरक मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा उरतो आणि मोजणीच्या चुकीत बुडून जातो. लांबी अधिक विश्वसनीय असते, कारण होर्सा सुमारे 20.4 मीटर, तर वॅको सुमारे 14.8 मीटर लांब होते. परंतु येथेही एक अडचण आहे. जीप वा तोफ लवकर बाहेर काढता यावी म्हणून होर्साचा शेपटीकडील भाग उतरल्यानंतर बोल्ट सोडवून वेगळा करीत, आणि बोल्ट न निघाल्यास तो तोडावा लागे. त्यामुळे शेपूट अलग पडलेले होर्सा हे मोडलेले होर्सा नव्हे. छायाचित्र पाहून ‘अपघातग्रस्त’ म्हणून मोजलेली अनेक ग्लायडरे प्रत्यक्षात नियमाप्रमाणे रिकामी केलेली होती, हे भार-तक्त्यांशी ताडल्यावर दिसून येते. वॅकोत हा प्रश्न येत नाही. त्याचे नाक वैमानिकांच्या आसनांसह वर उचलले जाई आणि गाडी समोरून बाहेर पडे.

काळनिश्चितीसाठी रंगाचे पट्टे उपयोगी पडतात. नॉर्मंडीवरील स्वारीच्या वेळी, जून 1944 च्या प्रारंभी, दोस्तांच्या विमानांवर व ग्लायडरांवर काळे-पांढरे पट्टे रंगविले गेले आणि पुढील महिन्यांत वरच्या बाजूचे पट्टे क्रमाने काढण्यात आले. त्यामुळे पट्ट्यांचा विस्तार पाहून छायाचित्र जूनमधील की सप्टेंबरमधील, नेदर्लंड्सच्या आर्नेम मोहिमेचे, याचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. सावलीच्या दिशेवरून व लांबीवरून वेळ काढताना नोंदीतील घड्याळ कोणते होते हे आधी ठरवावे लागते. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात ग्रिनिचच्या दोन तास पुढे असलेली वेळ चालू होती. हिंदुस्थानातही 1942 ते 1945 या काळात प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती, हे ध्यानात न घेतल्यास आसामातील छायाचित्रांची वेळ सरसकट तासाभराने चुकते.

छायाचित्राखालची ओळ हा सर्वांत कच्चा पुरावा मानावा. ती पुष्कळदा छायाचित्रकाराच्या नव्हे, तर प्रसिद्धी-कचेरीतील लेखनिकाच्या हातची असते, आणि युद्धकाळात स्थळनाम वा पथकाचे नाव वगळण्याचा अधिकार नियंत्रकांना होता. एकदा छापलेली चूक पुढील प्रत्येक पुनर्मुद्रणात तशीच येते. म्हणून शक्य तेथे मूळ निगेटिव्हची पेटी आणि तिच्या आगेमागेची चित्रे पाहणे आवश्यक आहे.

पिकॅडिलीचे छायाचित्र : या अभ्यासातील सर्वांत चर्चित उदाहरण ब्रह्मदेशातील आहे. मेजर जनरल ऑर्ड विंगेट यांच्या चिंडिट सेनेला जपानी फळीच्या मागे उतरविण्याची मोहीम 5 मार्च 1944 च्या रात्री आसामातील लालाघाट येथील धावपट्टीवरून सुरू व्हावयाची होती. ग्लायडरे आणि ती ओढणारी विमाने पुरविण्याचे काम कर्नल फिलिप कोक्रन व जॉन अ‍ॅलिसन यांच्या अमेरिकी फर्स्ट एअर कमांडो गटाकडे होते. जंगलातील मोकळ्या मैदानांना ब्रॉडवे, पिकॅडिली व चौरंगी अशी मोठ्या शहरांतील रस्त्यांची सांकेतिक नावे दिली होती. चौरंगी हा कोलकात्याचा रस्ता वाचकांच्या परिचयाचा आहे. जपान्यांना संशय येऊ नये म्हणून विंगेट यांनी या मैदानांवरून टेहळणी करण्यास मनाई केली होती. तथापि कोक्रन यांनी शेवटच्या दिवशी दुपारनंतर एक बी-25 विमान छायाचित्रे घेण्यास पाठविले, आणि उड्डाणाची वेळ जवळ आली असताना हाती आलेल्या प्रतींत पिकॅडिलीवर ओळीने पडलेले लाकडाचे ओंडके दिसले.

ओंडके कोणी टाकले याविषयी त्या वेळी आणि नंतरही मतभेद झाले. जपान्यांना बेताचा सुगावा लागला असावा ही पहिली शंका होती आणि तिला आधारही होता : एप्रिल 1943 मध्ये, चिंडिटांच्या पहिल्या मोहिमेच्या वेळी, याच मैदानावर एका डकोटा विमानाने उतरून त्यांच्या आजारी व जखमी सैनिकांना बाहेर काढले होते, आणि त्या सुटकेची छायाचित्रे एका अमेरिकी साप्ताहिकात छापली गेली होती. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रामुळे मैदान उघडे पडले आणि अप्रसिद्ध छायाचित्रामुळे ग्लायडरे वाचली, असा हा विलक्षण योग झाला असता. परंतु सागवान तोडणाऱ्या ब्रह्मी लाकूडतोड्यांनी ओंडके वाळण्यासाठी ओढून ठेवले असावेत, हे स्पष्टीकरण आता सामान्यतः स्वीकारले जाते, आणि शेजारच्या ब्रॉडवेवर उतरताना जपानी विरोध मुळीच झाला नाही ही गोष्ट त्याच्याशी अधिक जुळते.

छायाचित्र पाहिल्यानंतर धावपट्टीवर काय घडले, हा दुसरा वाद आहे. चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत विंगेट फार क्षुब्ध झाले होते आणि मोहीम पुढे नेण्याचा निर्णय आपण घेतला, असे चित्र रेखाटले आहे. विंगेट यांच्या निकटवर्तीयांनी ते नाकारले असून निर्णयाचे श्रेय विंगेट यांना व उतरणाऱ्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मायकेल कॅल्व्हर्ट यांच्या सल्ल्याला दिले आहे. विंगेट त्याच महिन्याच्या 24 तारखेस विमान अपघातात मृत्यू पावल्याने त्यांची बाजू त्यांच्या शब्दांत पुढे आली नाही. बारा वर्षांनंतरच्या आठवणींपेक्षा त्या आठवड्यात लिहिलेल्या अहवालांना अधिक वजन देणे योग्य वाटते. सर्व वृत्तांतांत समान असलेली बाब एवढीच, की पिकॅडिली सोडून सर्व ग्लायडरे ब्रॉडवेकडे वळविली गेली आणि उड्डाणे थोड्या विलंबाने सुरू झाली.

ब्रॉडवेच्या बाबतीत मात्र छायाचित्रांनी दगा दिला. हत्तींकडून ओंडके ओढताना जमिनीत पडलेले खोल चर उंच गवताखाली झाकले गेले होते आणि उभ्या छायाचित्रात ते उमटले नाहीत. पहिल्या ग्लायडरांची चाके त्या चरांत उखडली, ती बाजूला करता येईनात, आणि मागून अंधारात उतरणारी त्यांच्यावर आदळली. कॅल्व्हर्ट यांनी उड्डाणे थांबविण्यासाठी ‘सोया लिंक’ हा ठरलेला संकेत पाठविला. सकाळी यशाचा ‘पोर्क सॉसेज’ हा संकेत गेला. 6 मार्चच्या छायाचित्रांतील मोडलेली चाके पाहून वैमानिकांना दोष देणारे वर्णन क्वचित वाचावयास मिळते, ते या कारणाने अन्यायाचे आहे.

आकड्यांचा प्रश्न : त्या रात्री किती ग्लायडरे निघाली, याचे उत्तर निरनिराळ्या ग्रंथांत साठ ते सत्तरच्या दरम्यान मिळते, ब्रॉडवेस पोहोचलेल्यांची संख्याही बत्तीस ते सदतीस अशी बदलते. हा निष्काळजीपणा नसून मोजण्याच्या पद्धतींतील फरक आहे. एकेका सी-47 विमानामागे दोन-दोन ग्लायडरे जोडली होती, भार ठरलेल्यापेक्षा अधिक होता आणि डोंगररांगांवरील अस्थिर हवेत नायलॉनचे ओढदोर तुटत होते. काही ग्लायडरे तळाजवळच सुटली, काही परत बोलाविली गेली, तर काही चिंदविन नदीपलीकडे जपानी मुलखात विखुरली. ओढणाऱ्या विमानांच्या नोंदीत ही सर्व ‘निघालेली’ असतात. उतरणाऱ्या पथकाच्या दैनंदिनीत फक्त आलेली. छायाचित्रावरूनही हा वाद मिटत नाही, कारण ग्लायडरातूनच आणलेल्या छोट्या बुलडोझरांनी अमेरिकी अभियंत्यांनी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत धावपट्टी तयार केली आणि त्यासाठी मोडकी ग्लायडरे कडेला ढकलली. नंतरच्या चित्रांत त्यांचे ढीग दिसतात, स्वतंत्र आकृती नव्हेत. ब्रॉडवे व चौरंगी येथील धावपट्ट्यांवरून आठवडाभरात सुमारे 9,000 सैनिक व 1,300 हून अधिक जनावरे आत नेण्यात आली.

सिसिलीतील 9 जुलै 1943 च्या रात्रीच्या मोहिमेत 144 ग्लायडरांपैकी जवळजवळ निम्मी समुद्रात पडली. तेथेही आकड्यांतील तफावतीचे कारण याच स्वरूपाचे आहे.

हिंदुस्थानातील स्क्वाड्रने : 1944 च्या उत्तरार्धापासून रॉयल एअर फोर्सच्या 668 ते 673 या क्रमांकांच्या ग्लायडर स्क्वाड्रनांची हिंदुस्थानात उभारणी झाली. वॅको ग्लायडरला ब्रिटिश हेड्रियन म्हणत व हीच ग्लायडरे या स्क्वाड्रनांकडे होती. त्यांच्या मुक्कामस्थळांत बिहारमधील बिक्रम, पंजाबातील फतेहजंग आणि बेळगाव यांचा समावेश होतो. ऑगस्ट 1945 मध्ये युद्ध संपल्याने त्यांना ग्लायडर मोहिमेवर जावे लागले नाही. त्यामुळे त्यांच्या नोंदवह्यांत मुख्यतः स्थलांतरे व सरावाची उड्डाणे आढळतात.