जुन्या शिकारी रायफलीचे घरगुती नूतनीकरण

स्वस्तात मिळालेल्या, वापरून झिजलेल्या रायफलीचा लाकडी दस्ता खरवडून नव्याने तेलावणे, धातूवरचा गंज काढून त्याला पुन्हा काळसर निळी झाक देणे (ब्लूइंग) आणि दस्ता व नळी यांची एकमेकांवरची बैठक सुधारणे, या कामांना मिळून नूतनीकरण म्हणतात. यातले बरेचसे काम साध्या हत्यारांनी घरी होते. मात्र चाप, बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) पकड आणि काडतुसाची बैठक ही कामे बंदूक-कारागिराचीच.

हा छंद अमेरिकेत विशेष फोफावला. महायुद्धांनंतर माउझर ९८, ली-एनफील्ड, स्प्रिंगफील्ड १९०३ अशा लष्करी रायफली जास्तीचा साठा म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांनी त्यांचे पुढचे लाकूड कापले, नळ्या आखूड केल्या, वर दुर्बिणी बसवल्या. आज संग्राहक हात न लावलेल्या मूळ लष्करी रायफलीला अशा कापलेल्या रायफलीपेक्षा कितीतरी जास्त मोल देतात. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी समोरची वस्तू कोणती आहे हे ओळखावे. पूर्वीच कोणी कापलेली लष्करी रायफल किंवा मुळातच कमी किमतीसाठी बनवलेली रेमिंग्टन ७८८ (१९६७–१९८३) यांसारखी शिकारी रायफल या कामाला योग्य. दुर्मीळ मूळ नमुना साफ करावा, तेल द्यावे आणि तसाच राहू द्यावा.

सुरुवात रायफल रिकामी असल्याची खात्री करून होते: बोल्ट बाहेर, मॅगझिन बाहेर, काडतुसाचे घर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेले, दारूगोळा दुसऱ्या खोलीत. मग दस्ता धातूपासून वेगळा करतात. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल, तर खाचेच्या कडा फाटतात आणि पुढचे सगळे काम कितीही चांगले झाले तरी तो ओरखडा आधी दिसतो.

दस्त्याचे लाकूड बहुधा अक्रोड, बीच किंवा बर्च असते. जुने वॉर्निश घासून काढण्यापेक्षा रासायनिक रिमूव्हरने सोडवणे केव्हाही बरे, कारण घासताना वॉर्निशबरोबर लाकूडही जाते. धातूला लागून असलेल्या कडा एकदा खाली गेल्या की धातू वर उठून दिसतो आणि ते लाकूड परत भरून येत नाही. खोलगट ठेचांवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवतात. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र येत नाहीत, तिथे खाच राहते. चाप-कवचाच्या आणि बोल्टच्या मागच्या भागात वर्षानुवर्षे बंदुकीचे तेल मुरून लाकूड काळे पडलेले असते. खडूची पूड द्रावकात कालवून तिचा लेप दिला तर तो सुकताना तेल वर ओढतो. ही खेप अनेकदा करावी लागते, पण ती टाळली तर नवे तेल तिथे धरत नाही.

नंतर १५० पासून ३२० किंवा ४०० नंबरपर्यंतचा पेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि मागे सपाट ठोकळा धरून. मध्येच लाकूड ओले करून सुकू देतात. त्याने उभे राहिलेले बारीक केस पुन्हा घासून घेतले की पुढे ते त्रास देत नाहीत. अक्रोडाची छिद्रे बुजवायची जुनी युक्ती अशी: तेल लावलेल्या दस्त्यावर ओला पेपर फिरवायचा आणि तयार झालेला भुसा-तेलाचा गाळ छिद्रांत बसू द्यायचा. उकळलेले जवसाचे तेल किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचे) हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून थर अगदी पातळ हवा आणि दोन थरांमध्ये पुरेसा वेळ हवा. याच क्रियेतून उष्णता निघते. तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

सगळे लक्ष दस्त्याच्या बाहेरच्या चकाकीकडे जाते, पण तेलाची खरी गरज आतल्या खाचांना आणि मागच्या टोकाच्या उघड्या आडछेदाला असते. दमटपणा तिथूनच शिरतो, लाकूड फुगते, नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो.

हलक्या गंजाला तेल आणि अतिबारीक स्टील वूल पुरते. रंगासाठी घरी बहुतेक जण थंड ब्लूइंग वापरतात. त्यातला सेलेनियमयुक्त थर पातळ असतो, हाताळणीने उडतो. ओरखडे झाकण्यापुरताच तो बरा. मुद्दाम गंज चढवून, पाण्यात उकळून, वर आलेली काळी पूड ब्रशने झाडण्याची पद्धत संथ आहे, पण त्यात तयार होणारा लोखंडाचा काळा ऑक्साइड (मॅग्नेटाइट) टिकाऊ असतो. कॉस्टिकच्या उकळत्या क्षारांचे ब्लूइंग घरी करू नये: ते जाळते, ॲल्युमिनियम विरघळवते, मऊ झाळणीचे सांधे खाते. पॉलिश करताना अनुक्रमांक आणि छाप कधीही घासू नयेत. अमेरिकेत अनुक्रमांक पुसलेले शस्त्र बाळगणे हाच गुन्हा आहे.

नेमबाजी सुधारते ती मुख्यतः बैठकीने. गोळी सुटतानाचा धक्का झेलणारा धातूचा खालचा उंचवटा (रिकॉइल लग) लाकडाला नीट टेकत नसेल, तर दस्ता मागच्या बाजूला चिरतो. ती जागा इपॉक्सीने भरताना धातूवर विलगक मेण न लावल्यास रायफल दस्त्यात कायमची चिकटते. नळी पुढे दस्त्याला न टेकता मोकळी तरंगते का, हे तिच्याखाली कागदाची पट्टी सरकवून कळते. मात्र काही हलक्या नळ्यांना टोकाशी थोडा दाब मानवतो, म्हणून लाकूड कोरण्याआधी गोळ्यांचा गट (निशाणावर त्या किती जवळजवळ पडतात ते) पाहावा. त्याहीआधी गोळ्यांमुळे नळीत साचलेला तांब्याचा थर द्रावकाने काढावा. नळीच खराब आहे असे समजून टाकून दिलेल्या अनेक रायफली नुसत्या अस्वच्छ असतात.