डिजिटल चित्रणातील रंगविज्ञान

डिजिटल चित्रणातील रंगविज्ञान : दृश्यातला प्रकाश कॅमेऱ्यात शिरल्यापासून त्याचे आकडे होऊन, ते आकडे पडद्यावर पुन्हा प्रकाश होऊन प्रेक्षकाच्या डोळ्यांत पोहोचेपर्यंत रंगाचे जे जे होते, त्याचे शास्त्र. भौतिकी, डोळ्याची रचना, गणित आणि थोडी आवडनिवड यांची त्यात सरमिसळ आहे. धंद्यात मात्र ‘कलर सायन्स’ हा शब्द बहुधा वेगळ्याच अर्थाने कानावर पडतो : ‘या कॅमेऱ्याचं कलर सायन्स मस्त आहे, स्किन टोन छान येतो.’ तिथे बोलणे शास्त्राचे कमी आणि उत्पादकाने आपल्या जागी बसून केलेल्या निवडींचे जास्त असते. दोन्ही अर्थ रूढ आहेत. घोळ होतो तो एकाच्या जागी दुसरा धरला की.

डोळा आणि तीन आकडे

प्रकाशाला स्वतःचा रंग नसतो, तरंगलांबी असते. साधारण ३८० ते ७८० नॅनोमीटर एवढ्या पट्ट्यातला प्रकाश आपल्याला दिसतो आणि दृष्टिपटलावरच्या तीन प्रकारच्या शंकुपेशी त्याचे तीन संकेत करून मेंदूकडे पाठवतात. अख्ख्या वर्णपटाचे तीनच आकडे होणार म्हटल्यावर बरीचशी माहिती वाटेतच गळते. त्यामुळे पूर्ण वेगळ्या घडणीचे दोन प्रकाश डोळ्याला तंतोतंत सारखे वाटू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. टीव्ही, मोबाइल, प्रोजेक्टर हे सगळे या एका उणिवेच्या जिवावर चालतात. पडद्यावरच्या पिवळ्या लिंबातून पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश येतच नसतो. लाल आणि हिरवा मिळून डोळ्याला फसवत असतात.

ही फसवणूक मोजून मांडली ती १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने. त्यामागे डब्ल्यू. डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे केलेले प्रयोग होते. पडद्याच्या एका अर्ध्यावर एकाच तरंगलांबीचा रंग, दुसऱ्या अर्ध्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. समोर बसलेल्याने दिव्यांची तीव्रता कमीजास्त करून दोन्ही बाजू जुळवायच्या. राइटकडे १० निरीक्षक होते, गिल्डकडे ७. आजचा प्रत्येक मॉनिटर, प्रत्येक कॅमेरा आणि रंगाचे प्रत्येक मानक शेवटी या १७ जणांच्या डोळ्यांवर उभे आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. काही रंग, विशेषतः निळसर हिरवे, तीन दिव्यांत कसेही केले तरी जुळेनात. मग लाल दिवा उचलून पलीकडच्या अर्ध्यात मिसळावा लागे, म्हणजे हिशेबात लाल ‘उणे’ धरावा लागे. हे उणे आकडे पुढे ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्रणानंतर रंग जुळवण्याच्या, टेबलावर पुन्हा भेटतात.

सेन्सरला रंग दिसत नाही

सेन्सरचा प्रत्येक बिंदू फक्त प्रकाश किती पडला एवढे मोजतो. रंग यावा म्हणून त्यावर गाळण्यांची जाळी बसवतात. बहुतेक कॅमेऱ्यांतली जाळी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटातली : चार बिंदूंत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण बारीक तपशील डोळा मुख्यतः त्याच भागातल्या प्रकाशावरून ओळखतो. प्रत्येक बिंदूवर उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. त्याला डिबायरिंग म्हणतात. म्हणजे चित्रातले दोन तृतीयांश रंगाचे आकडे मोजलेले नसतात, काढलेले असतात.

खरी अडचण पुढेच आहे. सेन्सरवरच्या गाळण्या आणि डोळ्यातल्या शंकुपेशी यांचा प्रतिसाद एकसारखा नसतो. तो गणिताने एकमेकांत बदलता यावा अशी एक अट आहे, तिला ल्यूथरची अट म्हणतात, आणि बाजारातला कोणताही कॅमेरा ती पुरती पाळत नाही. पाळायची तर गाळण्यांचे पट्टे एकमेकांवर इतके चढतात की रंग वेगळे काढताना चित्रात दाणे माजतात. त्यामुळे डोळ्याला सारखी दिसणारी दोन कापडे कॅमेऱ्याला वेगळी दिसतात आणि कधी याच्या उलट होते.

याचे सर्वांत गमतीचे उदाहरण रंगीत छायाचित्रणाच्या जन्माचेच आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये चौकड्यांच्या फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून थॉमस सटन या छायाचित्रकाराकडून घेववून ती एकत्र पडद्यावर टाकली आणि रंगीत चित्र दाखवले. त्या काळच्या काचेवरच्या लेपाला लाल प्रकाश जवळजवळ उमटतच नसे, मग लाल आला कसा? शंभर वर्षांनी याचा उलगडा झाला : फितीतला लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि लाल गाळणीतून नेमके तेच आरपार गेले होते. प्रयोग यशस्वी झाला तो योगायोगाने. आजचा सेन्सर वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाला असाच फसतो. भर उन्हात भारी एनडी फिल्टर (प्रकाश सरसकट कमी करणारी काच) लावला की दृश्य प्रकाश कापला जातो, पण अवरक्त किरण त्यातून निसटू शकतात, आणि काळा कृत्रिम धाग्याचा कोट चित्रात तपकिरी-लालसर उतरतो. शेजारचा काळा सुती कोट काळाच राहिला की मग हे सुधारणे नको होऊन बसते.

सेन्सरचे आकडे प्रमाणित रंगांत आणण्यासाठी साधारणपणे तीन बाय तीनचे मॅट्रिक्स, म्हणजे गुणाकाराच्या आकड्यांचा चौकोनी तक्ता, वापरतात. त्यातले नऊ आकडे ठरवताना चोवीस चौकोनांचा रंगतक्ता किंवा तशाच नमुन्यांचा संच समोर ठेवून चूक कमीत कमी करतात. सगळे चौकोन एकदम बरोबर येत नाहीत. त्वचा सांभाळली तर निळे घसरतात, निळे सांभाळले तर पानांचा हिरवा. कोणाला झुकते माप द्यायचे हा निर्णय माणसाचा, आणि ‘या कंपनीचे कलर सायन्स’ म्हणतात त्याचा मोठा हिस्सा इथे ठरतो. संदर्भ कोणाचा घेतला यावर काय होते ते फिल्मच्या काळातही दिसले आहे : छपाईचा रंग जुळवायला प्रयोगशाळांत गोऱ्या स्त्रीचे ‘शर्ली कार्ड’ असे, आणि सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचा तपशील त्या जुळवणीत मार खाई. वास्तविक निरनिराळ्या वर्णांच्या त्वचेत फरक मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा असतो. रंगछटा बरीच जवळजवळ राहते. म्हणूनच व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा आणि गडदपणा दाखवणारा गोल आलेख) एकच ‘स्किन टोन लाइन’ सगळ्यांना पुरते.

व्हाइट बॅलन्सचे थोडक्यात सांगता येईल. टंगस्टन दिवा ३२०० केल्विन, दिवसाचा प्रकाश ५६०० केल्विन धरतात. डोळा दोन्हींत कागद पांढराच बघतो, कॅमेऱ्याला ते सांगावे लागते. रॉ चित्रणात, म्हणजे सेन्सरचे आकडे तसेच साठवले असता, हा निर्णय नंतर बदलता येतो, कारण तो नुसता गुणाकार असतो. इतर फाइलींत तो आत मुरलेला असतो. एलईडी दिव्यांच्या बाबतीत केल्विनचा आकडा पुरेसा नाही. दोन दिव्यांवर ५६०० लिहिलेले असूनही एकाच्या वर्णपटात लालचा खड्डा असला की चेहरा आजारी दिसतो. दिव्यांच्या खोक्यावर छापलेला सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) आठच फिकट नमुन्यांच्या सरासरीवर काढतात. त्यात गडद लाल धरलेलाच नाही, म्हणून तो आकडा मोठा असून भागत नाही.

लॉग : करडे कार्ड आणि पांढरा कागद

प्रकाश दुप्पट झाला की सेन्सरचा आकडा दुप्पट होतो. हे सरळ प्रमाण साठवायला मात्र वाईट. १२ बिटांत ४०९६ पायऱ्या असतात; त्यातल्या २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची एक दुप्पट) खर्च होतात, पुढच्यात १०२४, आणि असे खाली येता येता दहाव्या स्टॉपच्या वाट्याला जेमतेम ४. सावलीतला चेहरा तिथेच कुठेतरी असतो. डोळा तर पटींत बघतो, त्याला प्रत्येक स्टॉप सारख्याच मोलाचा. म्हणून लॉगरिदमने पायऱ्या वाटून देतात. ही कल्पना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकच्या सिनेऑन पद्धतीत फिल्म स्कॅन करण्यासाठी रुळली आणि पुढे प्रत्येक उत्पादकाने आपापला लॉग काढला : ॲरीचा लॉग-सी, सोनीचा एस-लॉग, पॅनासॉनिकचा व्ही-लॉग.

लॉग चित्र फिके का दिसते हे वेव्हफॉर्मवर (उजळपणा टक्क्यांत दाखवणारा आलेख) एकदा पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही. १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे करडे कार्ड आणि त्याशेजारी ९० टक्क्यांचा पांढरा कागद ठेवावा. टीव्हीच्या रेक. ७०९ या मानकाच्या वक्राने कार्ड ४१ टक्क्यांवर येते, कागद ९५ वर. तेच एस-लॉग३ मध्ये बघितले तर कार्ड पुन्हा ४१ वरच, पण कागद ६१ वर. करडे हलले नाही. पांढरे खाली दाबले गेले, कारण वरची जागा खिडकीबाहेरच्या आकाशासाठी आणि दिव्याच्या काचेसाठी राखून ठेवली आहे. आता ही फाइल साध्या मॉनिटरवर उघडली की मॉनिटर ६१ ला ६१ च समजतो, आणि कागद मळका दिसतो. फाइल खराब नसते, वाचणारा चुकीच्या लिपीत वाचतो.

लॉग ८ बिटांत घेणे मात्र खरेच धोक्याचे. २५६ पायऱ्यांत चौदा-पंधरा स्टॉप कोंबून मग कॉन्ट्रास्ट ताणला की आकाशात पट्टे पडतात. ४:२:० फाइलींत दर चार बिंदूंमागे रंगाची एकच जोडी असते. बघताना ते खपते, हिरवा पडदा काढून टाकताना केसांच्या कडांवर उघडे पडते.

आकडा कोणत्या मोजपट्टीवरचा

‘लांबी पाच’ म्हटल्यावर फूट की मीटर हे विचारावेच लागते. लाल २००, हिरवा ५०, निळा ५० या आकड्यांचेही तसेच आहे. कोणता लाल, हे ठरल्याशिवाय ते रंगच नाहीत. तीन मूळ रंग, पांढऱ्याची जागा आणि उजळपणाचा वक्र एवढे ठरले की त्याला कलर स्पेस किंवा रंगावकाश म्हणतात. एचडी टीव्हीचा रेक. ७०९ हा १९९० चा. संगणकाचा एसआरजीबी त्याच मूळ रंगांवर उभा आहे. चित्रपटगृहातला पी३ त्याहून ऐसपैस, विशेषतः लाल-हिरव्याकडे. २०१२ चा रेक. २०२० इतका रुंद आहे की त्याचे मूळ रंग ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरच्या शुद्ध प्रकाशाचे आहेत; लेझरशिवाय ते पुरते गाठणे अवघड.

रंगावकाश अपुरा पडला की काय होते ते ज्योतीत दिसते. नारिंगी ज्योतीचे आकडे लाल १, हिरवा ०.५, निळा ०.१ धरा. एक्सपोजर दोन स्टॉप वाढवले की ४, २, ०.४ होतात. प्रमाण तेच आहे, म्हणजे रंगही तोच. पण फाइलीत १ च्या वर जागा नसेल तर १, १, ०.४ उरते, आणि ते चक्क पिवळे आहे. रंगछटा बदलली ती कोणी बदलली म्हणून नव्हे, एक आकडा छताला डोके आपटून थांबला आणि दुसरा चढत राहिला म्हणून. गर्द निळ्या एलईडी प्रकाशात याचे उलट रूप भेटते : सेन्सरच्या मॅट्रिक्समधून हिरवा किंवा लाल शून्याच्या खाली जातो आणि गायकाच्या चेहऱ्यावर सपाट जांभळा डाग पडतो. राइट आणि गिल्डचे उणे आकडे ते हेच.

अशा भानगडी एका शिस्तीत आणायला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने एसेस ही व्यवस्था उभी केली. तिची पहिली अधिकृत आवृत्ती २०१४ ची. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र एका सामाईक, अतिरुंद रंगावकाशात आणायचे, तिथे काम करायचे आणि शेवटी ज्या पडद्यासाठी हवे त्यासाठी उतरवायचे. निळ्या डागांचा बंदोबस्त करणारे गॅमट कॉम्प्रेशन, म्हणजे रंगावकाशाबाहेर गेलेले रंग आत दाबून बसवणे, त्यात २०२१ साली १.३ आवृत्तीत आले.

लटविषयी (लुक-अप टेबल) गैरसमज फार. ३३ घरांची त्रिमित लट म्हणजे ३५,९३७ बिंदूंची यादी : हा रंग आला तर तो द्यायचा. आलेला रंग कोणत्या लॉगमधला, हे तिला कळत नाही. एका कॅमेऱ्याची लट दुसऱ्याच्या चित्रावर टाकून ‘लुक आवडला नाही’ म्हणणारे पुष्कळ. त्यांनी लुक पाहिलेलाच नसतो.

पडदा आणि खोली

आकडे बरोबर असूनही चित्र बदलते, कारण बघणारा खोलीत बसलेला असतो. भोवती अंधार असला की डोळ्याला कॉन्ट्रास्ट कमी भासतो. म्हणून अंधाऱ्या चित्रपटगृहासाठी गॅमा (पडद्याच्या उजळपणाच्या वक्राचा घातांक; तो जास्त तर कॉन्ट्रास्ट जास्त) २.६, टीव्ही ग्रेडिंगच्या मंद उजेडाच्या खोलीसाठी २.४, आणि उजेडातल्या संगणकासाठी साधारण २.२ धरतात. चित्रपटगृहाचा पांढरा ४८ निट (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक), साध्या टीव्ही मास्टरचा १००. एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजळपणाच्या नव्या पडद्यांसाठीच्या चित्रात, पीक्यू हा वक्र १०,००० निटपर्यंत जातो. बीबीसी आणि जपानची प्रसारणसंस्था एनएचके यांचा एचएलजी हा वक्र मात्र ठाम निट न सांगता पडद्याच्या ताकदीप्रमाणे वागतो. उजळपणा वाढला की तोच रंग जास्त भडकही भासतो, त्यामुळे एचडीआरचे ग्रेडिंग म्हणजे जुन्या ग्रेडिंगचा आवाज वाढवणे नव्हे. चेहरे पुन्हा पाहावे लागतात.

मॉनिटर मोजयंत्राने जुळवतात, आणि तिथे एक जुनी गोष्ट डोके वर काढते. ओएलईडी आणि एलसीडी शेजारी ठेवून यंत्राने दोघांचा पांढरा अगदी एका आकड्यावर आणला तरी पुष्कळांना एक हिरवट किंवा पिवळसर दिसतो. यंत्र खोटे बोलत नाही. ते १९३१ चा प्रमाणित निरीक्षक वापरते, आणि त्या निरीक्षकाची निळ्या टोकाची मापे जरा कमी पडतात हे १९५१ मध्ये डीन जड यांनी दुरुस्ती सुचवली तेव्हापासून माहीत आहे. अरुंद पट्ट्यांच्या नव्या पडद्यांवर ती उणीव उघडी पडते. तेव्हा कलरिस्ट (ग्रेडिंग करणारा) एका मॉनिटरचा पांढरा मुद्दाम मोजपट्टीवरून किंचित सरकवतो, दोघांना शेजारी ठेवून डोळ्याने जुळवतो, आणि किती सरकवला तो आकडा मॉनिटरच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवतो.