जंगली हरणांच्या गाठी कोण पाहतो?

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, फॅरागट गावच्या रस्त्यावर एक कोवळा नर भरकटल्यासारखा फिरताना सापडला. पांढऱ्या शेपटीच्या जातीचे हे हरीण. दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवर दाट केस उगवलेले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळले की ही 'डर्मॉइड' आहे. जन्मापूर्वीच नको त्या जागी कातडी तयार झाली होती, केसांच्या मुळांसकट. दिसायला गाठ, पण कर्करोगाशी तिचा संबंध नाही. त्याच तपासणीत ईएचडी हा रक्तस्रावी विषाणूजन्य आजारही आढळला.

हरणांच्या गाठी आणि त्यांच्या साथी, या दोन्ही धाग्यांच्या अभ्यासाचे मूळ १९५५ मध्ये सापडते. अमेरिकी विषाणुतज्ज्ञ रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्येच सशांच्या चामखिळींमागे विषाणू असल्याचे दाखवले होते. १९५५ मध्ये त्यांनी हरणांच्या कातडीवरच्या काळपट, केस नसलेल्या गाठींचा गाळलेला अर्क निरोगी हरणांना टोचला आणि तशाच गाठी उठवून दाखवल्या. त्याच वर्षी न्यू जर्सीत हरणे पटापट मरू लागली, त्यातून ईएचडीची ओळख पटली, आणि त्याही कामात शोप होते. शिकाऱ्यांना या गाठी आधीपासून माहीत होत्याच. बहुतेक गाठी आपोआप झडतात; डोळा किंवा तोंड झाकले गेले तरच हरणाचे हाल होतात.

त्याआधी हरणांचे पद्धतशीर शवविच्छेदन व्हायचे ते मुख्यतः पिंजऱ्यातल्या. फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयाची पेनरोज प्रयोगशाळा १९०१ पासून हे काम करत होती. रानातल्या हरणांसाठी आग्नेय अमेरिकेतल्या राज्यांनी १९५७ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात एकत्र केंद्र उभे केले, तेही हरणांच्या साथी शोधायला. टेनेसीच्या हरणाचे डोळे तिथल्याच तज्ज्ञांनी तपासले. दुर्मिळ गाठींचे निदान असे साथींच्या पाठीवर बसून आले, आणि माझ्या मते ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

निदान अवघडच. हरीण मेल्यावरही पोटात, रवंथाच्या कोठ्यात किण्वन चालू राहते, त्या उष्णतेने आतले अवयव लवकर सडतात. नुसत्या डोळ्यांनी गळू, क्षयाची गाठ, कृमींची पिशवी आणि खरे अर्बुद (पेशींच्या बेसुमार वाढीची गाठ) यांत फरक करता येत नाही. म्हणून ताजा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, पातळ काप काढायचे, रंगवायचे. पेशी कोणत्या ऊतकातल्या हे ठरवायला ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. पण ती बहुधा माणसाच्या किंवा उंदराच्या प्रथिनांसाठी बनवलेली असतात, हरणात चिकटतीलच असे नाही. अशा वेळी अहवालात नेमके नाव न देता 'अविभेदित अर्बुद' एवढेच लिहावे लागते.

त्यात शिंगांची गंमत. दरवर्षी गळून पुन्हा उगवणारे हे हाड विलक्षण वेगाने वाढते. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की त्या वाढीतल्या जनुकांची हालचाल हाडाच्या कर्करोगाशी मिळतीजुळती असते, तरी हरणांत कर्करोग कमीच आढळतो. वृषण निकामी झालेल्या रो हरणाच्या डोक्यावर तर मखमली कातडीतली शिंगे थांबायचे नाव न घेता फुगत जातात. पाहणाऱ्याला ती अर्बुदच वाटावीत.

आज अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत हरणांचे नमुने सर्वाधिक येतात ते सीडब्ल्यूडी या मेंदूच्या आजाराच्या तपासणीसाठी. त्यासाठी शिकारी डोके किंवा मानेतल्या लसिकाग्रंथी देतात. यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे रानातच राहतात.