डेस्ट्रेहान हवेली : सहलीला निघण्यापूर्वी

न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपीच्या काठाने वरच्या बाजूला गेले, की मोटारीने सुमारे अर्ध्या तासात डेस्ट्रेहान मळ्यावरील जुनी हवेली लागते. आमच्या लुइझियाना सहलीत या वास्तूसाठी अर्धा दिवस राखून ठेवला आहे. त्यामागचे कारण ग्राहकांना आधीच ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक.

हवेलीच्या बांधकामाचा करार 1787 मध्ये शार्ल पाके या स्वतंत्र मिश्रवंशीय कारागिराशी झाला आणि काम 1790 मध्ये पुरे झाले. मोबदल्यात पाके यांना रोख 100 डॉलर, गाय व वासरू, भात, मका आणि एक गुलाम द्यावा, असे त्या करारात लिहिले आहे. उंच छपराची आणि रुंद व्हरांड्यांची ही वास्तू देखणी आहे, यात शंका नाही; परंतु गायवासराच्या यादीत माणूस मोजणाऱ्या व्यवस्थेने ती उभी केली, हे पाहणाऱ्याने क्षणभरही विसरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

8 जानेवारी 1811 च्या रात्री, येथून वरच्या अंगाला असलेल्या मॅन्युएल आंद्री यांच्या मळ्यावर शार्ल देलोंद या गुलाम मुकादमांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. उसाचे कोयते, कुऱ्हाडी आणि थोड्याफार बंदुका घेऊन लोक नदीकाठच्या रस्त्याने न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाले, आणि वाटेतील मळ्यांवरचे गुलाम त्यांना येऊन मिळत गेले. त्यांची संख्या 200 ते 500 असावी, असा अंदाज केला जातो. उठावकऱ्यांच्या हातून दोन गोरे मारले गेले. 10 जानेवारीला मळेवाल्यांच्या सशस्त्र तुकडीने त्यांना गाठले, आणि पुढील काही दिवसांत मारलेल्या व देहदंड दिलेल्या गुलामांची संख्या शंभराच्या घरात गेली.

13 जानेवारीला डेस्ट्रेहान मळ्यावर न्यायासन बसले. निवाडा करणारे स्वतः गुलामांचे मालक होते आणि त्यांत या मळ्याचे मालक जाँ नोएल डेस्ट्रेहानही होते. दोषी ठरलेल्यांची शिरे इतरांना दहशत बसावी म्हणून नदीकाठी खांबांवर लावण्यात आली, तर मारल्या गेलेल्या प्रत्येक गुलामामागे त्याच्या मालकाला सरकारकडून 300 डॉलर भरपाई मंजूर झाली. मृतांच्या आप्तांना काहीच मिळाले नाही.

यादवी युद्धानंतर काही काळ या जागेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची वसाहत होती. पुढे मळा तेल कंपनीकडे गेला, शुद्धीकरण कारखाना बंद पडल्यावर हवेलीची लुटालूट झाली, आणि 1971 मध्ये ती स्थानिक इतिहास संस्थेच्या स्वाधीन झाल्यावर तिचे जतन सुरू झाले.

हवेली मार्गदर्शकासोबत पाहावयाची असून, 1811 च्या उठावावरील प्रदर्शनासाठी आम्ही वेगळा वेळ ठेवला आहे. गुलामांच्या खोपटांसमोर हौशी छायाचित्रे काढू नयेत, ही विनंती. लहान मुले बरोबर असल्यास शिक्षांचा भाग त्यांना किती सांगावा, हे पालकांनी आधी ठरवावे आणि आमच्या सहल-व्यवस्थापकांना तसे कळवावे.