लाल तेल आणि पाण्याचा हिशेब

जपानमध्ये ग्योझाच्या दुकानात टेबलावर बहुधा तीन गोष्टी मांडलेल्या असतात: सोया सॉस, व्हिनेगर आणि लालभडक तेलाची छोटी बाटली. ग्योझा म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून तव्यावर खरपूस केलेला पदार्थ, आणि त्याच्या जोडीचं हे मिरचीचं तेल म्हणजे रायू. दोन्ही मूळचे चीनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांमुळे ग्योझा जपानभर पसरला.

पुढे २००९ मध्ये मोमोया या कंपनीने तळलेल्या लसूण-कांद्याचा चुरा घातलेलं, चमच्याने भातावर घेऊन खायचं रायू बाजारात आणलं. त्याचं नावच मुळी ‘तिखट वाटणारं, पण तिखट नसलेलं, किंचित तिखट रायू’ अशा अर्थाचं होतं. लोक त्यावर असे तुटून पडले की काही काळ दुकानांत बाटली मिळेना.

घरी करायला घेतलं तर हे तासाभराचं काम. तेलाचा पदार्थ असूनही यातली सगळी मेख पाण्यात आहे.

सुरुवात मिरचीपासून करू. मिरचीचा तिखटपणा ज्यामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतं. मिसळीवर तरंगणारी तर्री म्हणजे याच गुणाचा पुरावा: खालच्या रश्शापेक्षा झणका वरच्या लाल थरातच जास्त. जिभेवर पोचल्यावर कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन खरं तर सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी असतं. म्हणून तिखट लागल्यावर तोंड ‘भाजतं’. मेंदूला पोचणारा निरोप खरोखरच भाजल्याचा असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन हुडकलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह त्यांना मिळालं.

लाल रंगाचा कॅप्सेसिनशी काही संबंध नाही. कॅप्सेसिन स्वतः रंगहीन असतं. रंग येतो कॅप्सॅन्थिन आणि त्याच्या जातकुळीतल्या द्रव्यांमुळे. तीही तेलातच उतरतात, पण मिरचीत त्यांचं प्रमाण तिखटपणाच्या प्रमाणाशी जुळेलच असं नाही. ब्याडगी रंगाला भारी आणि तिखटाला सौम्य. लवंगी नेमकी उलट. जपानमध्येही रायूसाठी रंगाला कोरियन पद्धतीची जाडसर मिरची आणि तिखटपणाला ताकानोत्सुमे ही छोटी जहाल मिरची, अशी सांगड घालतात. आपल्याकडे दोन भाग ब्याडगी आणि एक भाग लवंगी किंवा संकेश्वरी, जाडसर कुटलेली, हे मिश्रण चांगलं जमतं. अगदी बारीक पूड नको, ती क्षणात करपते. (जपानला आणि गोव्याला मिरची पोचली ती एकाच शतकात, सोळाव्या, आणि दोन्हीकडे पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने. म्हणजे ही जपानी चटणी आपल्याला तितकीशी परकी नाही.)

आता तेल. १५० मिली वास नसलेलं तेल घ्या. रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल, काहीही चालेल. मिरची साधारण २५ ग्रॅम. तेल फार गार असेल तर रंग आणि सुवास नीट सुटत नाहीत, आणि फार तापलं तर मिरचीतली साखर जळून कडवटपणा येतो. १५० अंशांच्या आसपासचं तेल हवं, पण घरात तापमापक कोण ठेवतं? तेवढ्यासाठी एक युक्ती आहे: तेल ओतण्याआधी मिरचीवर दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम, पाणी शिंपडून ती कालवून घ्यायची. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी निथळता कामा नये.

पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते. १० ग्रॅम पाण्याला सुमारे २२,६०० ज्यूल. आपलं १५० मिली तेल एका अंशाने गार व्हायला साधारण २८० ज्यूल उष्णता बाहेर पडावी लागते. भागाकार केला की कळतं: सगळ्या पाण्याची वाफ झाली तर ती तेलाला ८० अंशांनी खाली आणू शकते. शिवाय ओल असेपर्यंत मिरचीचा कण १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. तेल थोडं जास्त तापलेलं असलं तरी मिरची वाचते ती यामुळे. मात्र तेल उंच स्टीलच्या पातेल्यात, एकेक डाव करत, हात लांब ठेवून ओतायचं. फसफसतं ते, आणि एकदम ओतलं तर अंगावर उडतं. सगळं तेल घातल्यावर पातेलं अगदी मंद आचेवर ठेवायचं आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हलवत राहायचं. बुडबुडे म्हणजे वाफ. ते थांबले की पाणी गेलं.

जपानी चव येते ती यानंतर घालायच्या तिळाच्या तेलामुळे. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं असतं. जपानी तेलासाठी तीळ आधी खमंग भाजतात, आणि त्यातून पायराझिन गटातली सुवासिक द्रव्यं तयार होतात. ती उडून जाणारी, म्हणून हे तेल फोडणीला वापरणं म्हणजे पैसे धुरात घालवणं. मिरचीचं तेल कोमट झाल्यावर ५० मिली घाला. भाजक्या तिळाचं तेल मिळालं नाही तर भाजलेले तीळ भरडून घाला. तंतोतंत तसं लागणार नाही, पण वाईटही लागणार नाही.

आता लसूण, म्हणजे या पदार्थातली सगळ्यात चविष्ट आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट. तो सगळ्यात आधी तळून काढायचा, त्याच १५० मिली तेलात. पातळ, एकसारख्या चकत्या करून गार तेलात टाका आणि मग गॅस लावा. लसणात साठेक टक्के पाणी असतं. ते असेपर्यंत चकती आतून उकडतच राहते, सोनेरी होत नाही. पाणी गेलं की तापमान वर सरकतं, रंग धरतो आणि मग तो चार-पाच सेकंदांत करपूही शकतो. फिकट सोनेरी दिसताच झाऱ्याने उपसा, बाहेर काढल्यावर रंग आणखी चढतो. कांदा घालणार असाल तर वेगळा तळा. त्यात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणी, दोघांची वेळ जुळत नाही.

धोका असा: क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, त्यामुळे लसणावरही असू शकतात. ते उकळत्या पाण्यातही तगून राहतात. पुढे ओलावा, आंबटपणाचा अभाव आणि हवाबंद जागा मिळाली की ते वाढतात आणि विष बनवतात. तेलात बुडलेल्या ओलसर लसणात या तिन्ही गोष्टी असतात. जपानला हा धडा १९८४ मध्ये मिळाला, लसणातून नव्हे तर कुमामोतोच्या काराशी रेनकोनमधून. कमळकाकडीच्या भोकांत मोहरी आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, भरून तळलेला हा तिखट पदार्थ हवाबंद पाकिटांत विकला गेला. ३६ जण आजारी पडले, त्यातले ११ दगावले. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे तशीच साथ आली.

तळताना बीजाणू मरतीलच याची खात्री नाही, पण पाण्याशिवाय ते वाढू शकत नाहीत. म्हणून लसूण नुसता सोनेरी नको, पूर्ण गार झाल्यावर बोटांत चुरचुरीत मोडायला हवा. मधोमध लवचीक राहिलेली चकती बाटलीत नको, तिथेच खाऊन टाका.

मीठ आणि उमामी, म्हणजे रश्शा-सुपांना भरीवपणा देणारी चव, यांचं कोडं अजून उरतंच. दोन्ही पाण्यात विरघळतात, तेलात नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून या चवीचं द्रव्य, ग्लुटामेट, वेगळं करून उमामीला ओळख दिली. तेच ग्लुटामेट सोया सॉसमध्ये भरपूर असतं. पण सोया सॉस बाटलीत ओतला तर तो तळाशी जाऊन बसतो आणि इतक्या कष्टाने घालवलेलं पाणी परत आणतो. काही पाककृतींत तो सर्रास घालतात. मला ते पटत नाही. बारीक दळलेलं मीठ आणि चिमूटभर साखर लसणाच्या चुऱ्यात मिसळून तेलात घाला, आणि सोया सॉस वाटीत, खाताना. ग्योझाच्या दुकानातल्या वेगवेगळ्या बाटल्यांची सोय काही वेडेपणाची नव्हती.

कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि आठवडाभरात संपेल एवढंच करा. घेताना तळ ढवळून घ्या, चव तिथे साचते. चमचा कोरडाच हवा. तीन-चार दिवसांनी लसूण दाताखाली मऊ लागला, तर कुठून तरी पाणी शिरलं आहे असं समजून उरलेलं टाकून द्या. बोट्युलिनमच्या विषाला वास नसतो आणि चवही नसते, त्यामुळे हुंगून काही कळणार नाही.