इफुगाओची भातखाचरं: दोन हजार वर्षं की चारशे?

फिलिपिन्सच्या कोर्दिल्येरा प्रदेशाबद्दल कुठेही वाचा, इफुगाओ प्रांतातल्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांचं वय 'दोन हजार वर्षं' असंच छापलेलं असतं. 1995 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली तेव्हाच्या वर्णनात हाच आकडा आहे आणि फिलिपिनो मुलं शाळेत तोच शिकत आली. पण हा आकडा उत्खननातून निघालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकन अमलात, इथे आलेल्या अभ्यासकांनी खाचरांचा पसारा पाहिला, एवढे बांध हातांनी घालायला किती पिढ्या लागल्या असतील याचा हिशेब केला आणि दोन ते तीन हजार वर्षांचा अंदाज बांधला.

त्याला मोठा आक्षेप 1960 च्या दशकात आला. स्पॅनिश कागदपत्रं चाळून असं मांडलं गेलं की स्पॅनिश सत्ता लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या नदीखोऱ्यांत शिरल्यावर तिथले लोक डोंगरात सरकले आणि ओल्या भातशेतीचा विस्तार त्यानंतर झाला. मात्र खाचराचं वय ठरवणं किचकट असतं. बांध दर काही वर्षांनी ढासळतो आणि पुन्हा रचला जातो. भरावाची माती दुसरीकडून वाहून आणलेली असते. त्या मातीतला कोळशाचा तुकडा बांधापेक्षा कितीतरी जुना असू शकतो, म्हणून एका तुकड्यावरून वय काढलं तर ते फुगतं. एकावर एक असलेल्या थरांतले अनेक नमुने घेऊन, कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा हे धरूनच गणित करावं लागतं.

2009 च्या सुमारास बनावे परिसरातल्या नमुन्यांवर असं गणित झालं. 2012 पासून कियांगानजवळ, मौखिक परंपरा ज्याला इफुगाओंचं पहिलं गाव मानते त्या जागी, उत्खनन झालं. गाव सुमारे हजार वर्षांपूर्वीचं निघालं, पण जुन्या थरांत भाताचा ठोस पुरावा नाही. तिथे अळूच्या लागवडीच्या खुणा आहेत. भात मोठ्या प्रमाणावर दिसतो तो साधारण 400 वर्षांपूर्वीपासून, म्हणजे स्पॅनिश आल्यानंतरच. परदेशी चिनी मातीची भांडी आणि काचमणीही त्याच काळात वाढतात.

या निष्कर्षाने अनेक स्थानिकांना आपला वारसा कोणीतरी लहान केल्यासारखं वाटलं. थोड्या जागांवरून साऱ्या खोऱ्यांचं वय ठरवू नये, अळूची खाचरं आधीपासून असू शकतात, हे आक्षेप रास्तच आहेत. तरीही नवा कालखंड कमीपणाचा नाही. स्पॅनिशांना ज्या लोकांवर नीट ताबा मिळवता आला नाही, त्यांनी काही पिढ्यांतच डोंगराचा चेहरा बदलला. इतक्या वेगासाठी गावोगाव माणसं, पाणी आणि अन्न यांची घट्ट व्यवस्था लागते, आणि हेच इफुगाओंचं खरं सामर्थ्य आहे.

जागतिक वारसा यादीत प्रत्यक्षात खाचरांचे पाच समूह आहेत: बाताद, बांगान, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. पर्यटक ज्यांचे फोटो काढतात ती बनावेच्या सज्ज्यावरून दिसणारी खाचरं त्यात नाहीत. 2001 मध्ये हा वारसा धोक्यातल्या यादीत टाकला गेला, कारण 25 ते 30 टक्के खाचरं ओस पडली होती. 2012 मध्ये तो त्यातून बाहेर आला.

ओस पडण्याची साखळी समजून घ्यायला हवी. पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं. वरचा शेतकरी शहरात गेला की खालचेही कोरडे पडतात. माती सुकली की तडे जातात आणि मोठी गांडुळं बांध पोखरतात. पुढच्या पावसात पाणी भेगांतून आत शिरतं, भिंतीमागे दाब वाढतो आणि भिंत फुगून कोसळते. म्हणून जुनी पद्धत कापणीनंतरही खाचरात पाणी राखायची होती. माथ्यावर प्रत्येक कुटुंबाचं 'मुयोंग' हे राखीव रान असतं. तेच झरे टिकवतं, पण लाकडी कोरीवकामाची बाजारपेठ वाढल्यावर तिथली झाडंही तुटली. 1980 च्या दशकात खाण्यासाठी आणलेल्या सोनेरी गोगलगाई कोवळी रोपं खातात, ती अडचण वेगळीच.

सणांचं कॅलेंडर 'तिनावोन' या वर्षातून एकदाच येणाऱ्या भाताला बांधलेलं आहे. पेरणी, कापणी आणि मयताच्या जागरणात 'हुडहुड' हा पारंपरिक कथागीतांचा प्रकार गायला जातो. वयस्क स्त्री पुढे गाते, बाकीच्या साथ देतात. 200 हून अधिक कथा आहेत आणि पूर्ण गायन काही दिवस चालू शकतं. 2001 मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला, 2008 मध्ये तो तिच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. बनावेचा 'इंबायाह' महोत्सव मात्र श्रीमंत कुटुंबांच्या जुन्या मानाच्या मेजवान्यांवरून उभा राहिला. आज त्यात मिरवणूक आणि लाकडी स्कूटरच्या शर्यती असतात.

हुंगदुआनमधल्या हापाओ नदीतला 'पुन्नुक' हा ओढाओढीचा विधी 2015 मध्ये कंबोडिया, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनामच्या अशाच खेळांसह याच अमूर्त वारशाच्या यादीत आला. भाताच्या काडांचा बाहुला, 'किना-अग', दोन बाजूंनी, टोकाला आकडी असलेल्या लाकडी खोडांनी ओढतात. साऱ्या परिसराची कापणी संपल्यावरच हे होतं. सखल भागातली लवकर पिकणारी वाणं काही खाचरांत आली की पिकं निरनिराळ्या वेळी तयार होतात, उंदरांना सलग खाद्य मिळतं आणि सगळ्यांची कापणी एकाच सुमारास संपेनाशी होते.