वॉटर स्कूटरवरील बिल्ज पंप

नावेच्या बुडाशी साचलेले पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाला बिल्ज पंप म्हणतात. वॉटर स्कूटरवर विजेवर चालणारा असा पंप सहसा कारखान्यातून बसवून येत नाही. तो नंतर जोडून घ्यावा लागतो. विदर्भातील ढिवरांचा डोंगा उघडा असल्याने त्यात शिरलेले पाणी दिसते आणि डब्याने उपसता येते. वॉटर स्कूटरचे पोट मात्र बंद असते, आणि आसन उचलल्याशिवाय आत किती पाणी आहे हे कळत नाही. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या विस्तीर्ण तलावात काठापासून दूर गेलेल्या चालकाला स्कूटर जड झाल्याची जाणीव होते, तोवर बरेचदा उशीर झालेला असतो.

कारखान्यातून येणारी उपसा-व्यवस्था विजेवर चालत नाही. स्कूटरला पुढे ढकलणाऱ्या जेटमधून वेगाने बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे तोटीजवळ दाब कमी होतो आणि त्या ओढीने बुडातले पाणी बारीक नळ्यांतून बाहेर खेचले जाते. इंजिन बंद पडले की ही ओढ थांबते. म्हणजे मदतीची गरज सर्वाधिक असते नेमक्या तेव्हाच ती व्यवस्था निरुपयोगी ठरते. पाणी आत येण्याची कारणे साधीच असतात: मागचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढण्याच्या भोकाचे बूच, लावायचा राहणे, इंजिनची गती जेटपर्यंत नेणाऱ्या शाफ्टचे सील झिजणे, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी सुटणे किंवा स्कूटर उलटणे. पातळी फिरत्या शाफ्टपर्यंत चढली की तो तेच पाणी इंजिनच्या साऱ्या कप्प्यात भिरकावतो, हवेच्या वाटेने ते सिलिंडरमध्ये जाते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकून इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

या कामासाठी १२ व्होल्टचा, पाण्यात बुडून चालणारा, ताशी ५०० गॅलन म्हणजे सुमारे १,९०० लिटर क्षमतेचा पंप सामान्यतः पुरेसा मानला जातो. हा आकडा पाणी वर चढवावे लागत नसतानाचा असतो. नळीची उंची आणि वळणे यांमुळे प्रत्यक्ष उपसा बराच घटतो. पंपाची जागा कप्प्याच्या सर्वांत खोल भागात, बहुधा मागच्या बाजूला शाफ्टखाली असते. पंपाची बैठक बुडाला स्क्रूने ठोकू नये, कारण पाणी काढण्यासाठी बुडालाच भोके पाडण्यात अर्थ नाही. पृष्ठभाग घासून, तेलाचा अंश पुसून ती इपॉक्सीने चिकटवावी. नळी आतून गुळगुळीत असावी आणि ती व तारा शाफ्टपासून लांब बांधाव्यात. बागेची साधी नळी नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात उभ्या राहिलेल्या स्कूटरच्या कप्प्यात, मऊ पडून मुडपते. तिथे काटकसर करू नये.

निकासतोटी पाण्याच्या रेषेच्या जितकी वर बसवता येईल तितकी बरी. ती खाली राहिली तर स्कूटर उभी असताना तलावाचे पाणी त्याच नळीतून उलटे आत येऊ शकते. म्हणून नळीला आतल्या बाजूने उंच वळसा देतात. तोटी चालकाला बसल्या जागेवरून दिसावी, म्हणजे पाण्याची धार पाहून पंप काम करतो आहे की नाही हे समजते. भोक पाडण्यापूर्वी त्या जागेच्या मागे पेट्रोलची टाकी, केबल किंवा फोम नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. भोकाच्या कडा रेझिनने बंद करून तोटी जहाजी सीलंटमध्ये बसवावी.

खरी कसोटी वायरिंगची असते. कप्प्यात पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते, म्हणून आसन काढून हवा खेळू द्यावी, बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. पंपाला वीज इंजिनच्या चावीतून न देता थेट बॅटरीवरून द्यावी, नाहीतर इंजिन बंद असताना पंपही बंद राहील. धन तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, पंप बनवणाऱ्याने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज हवा. अशा पंपात धन तार बहुधा तपकिरी आणि ऋण तार काळी असते. मोटारगाडीतील लाल तारेची सवय असलेल्या इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगितलेले बरे. तारा उलट जोडल्या तरी पंप फिरतो आणि थोडेफार पाणीही टाकतो. त्यामुळे चूक ध्यानात येत नाही आणि उपसा मात्र फारच क्षीण राहतो. कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरून प्रत्येक जोड आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आकसणाऱ्या हीट श्रिंक नळीने बंद करावा आणि पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवावा.

बटण हाताने चालवायचे की तरंगता स्वयंचलित स्विच लावायचा, हे वापरावर ठरते. धक्क्याला पाण्यातच बांधून ठेवलेल्या स्कूटरला स्वयंचलित स्विच आवश्यक आहे, विशेषतः पावसाळ्यात. ट्रेलरवर घरी नेल्या जाणाऱ्या स्कूटरला साधे जलरोधक बटण आणि दिवा पुरतो. सुमारे २ अँपिअर घेणारा पंप १८ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी हिशेबाने ९ तासांत संपवतो, प्रत्यक्षात त्याआधीच. म्हणून चुकून चालू राहिलेले बटण दिसावे यासाठी दिवा महत्त्वाचा.

काम संपल्यावर जमिनीवरच कप्प्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून चाचणी घ्यावी. गोड्या पाण्यात गंज कमी धरतो, पण गाळ आणि जलपर्णीचे तंतू जाळीत अडकतात. ती वरचेवर धुवावी. स्कूटर नेहमीपेक्षा जास्त पाणी टाकू लागली तर मोठा पंप शोधण्याऐवजी गळती शोधावी. बुडातल्या पाण्यात इंजिनचे तेल आणि पेट्रोल मिसळलेले असते, आणि नागपूर शहर गोरेवाडा व पेंच प्रकल्पातील नवेगाव खैरी जलाशयाचे पाणी पिते. त्यामुळे कप्प्यात तेल शोषणारा पॅड ठेवणे आणि तेलकट पाणी तलावात न सोडता काठावर पिंपात काढून घेणे, हा बसवणीचाच भाग मानला पाहिजे.